वादळी वाऱ्यात पत्रे का उडतात? आरेतल्या पाड्यांनी आणि आपण सगळ्यांनी पावसाआधी करायची कामं

१३ मे २०२४ ची दुपार बऱ्याच जणांना आठवत असेल. आभाळ काळवंडलं, धुळीचा लोट उठला आणि घाटकोपरच्या छेडानगरला १२० फूट लांब, १२० फूट उंच होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ जीव गेले. नंतर व्हीजेटीआय संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. मुंबईत अशा बांधकामाने ताशी १५८ किलोमीटरचा वारा सोसायला हवा. हे होर्डिंग ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरतंच होतं, आणि त्या दिवशी वारा होता ताशी ८७ च्या आसपास. लोखंड भरपूर होतं, पाया कच्चा होता.

छेडानगरपासून थोड्याच अंतरावर, पवईच्या पलीकडे आरे कॉलनी आहे. मुंबई म्हटलं की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर टॉवर येतात. पण आरेत आजही २७ पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा अशी नावं. वारली, मल्हार कोळी, कोकणा समाजाची घरं, बाजूला भाजीचे मळे, आणि १९४९ साली दूध वसाहत उभी राहिली तेव्हापासूनचे म्हशींचे तबेले. घर म्हणजे कुठे कुडाची भिंत, कुठे विटेची, आणि वर कौल, सिमेंटचा नाही तर लोखंडी पत्रा. जव्हार, डहाणू, शहापूरच्या पाड्यावर जे घर दिसतं तेच इथे. म्हणून हा लेख आरेचा असला तरी आपल्या तालुक्यांनाही तसाच लागू आहे.

वादळ आता फक्त कोकणाचं राहिलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडची घरं-बागा झोपवून गेलं. त्याच वर्षी ५ ऑगस्टला चक्रीवादळ नव्हतं, नुसता पावसाळी वारा होता, तरी कुलाब्याला वेग शंभराच्या पुढे गेला आणि जेएनपीटी बंदरातल्या अवाढव्य क्रेन पडल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या किनाऱ्याला लागलंसुद्धा नाही. समुद्रातून वर सरकत रात्री गुजरातला धडकलं. तरी जाता जाता कुलाब्याला वारा शंभराच्या वर आणि सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस. मे महिन्यात!

पत्रा ढकलला जात नाही, उचलला जातो

बहुतेकांना वाटतं की वारा पत्र्याला धक्का मारतो, म्हणून वर वजन ठेवलं की झालं. म्हणून पत्र्यावर विटा, दगड, जुने टायर, फरशीचे तुकडे. आरेत, पालघरात, वाड्यात, कुठेही जा, हेच चित्र.

खरं होतं ते असं. वारा भिंतीवर आदळतो आणि छपरावरून चढून पलीकडे जातो. चढताना त्याचा वेग वाढतो आणि पत्र्याच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो. खाली घरात हवा तशीच कोंडलेली असते. दार-खिडकी उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही रेटतो. वरून ओढ आणि खालून रेटा, म्हणून पत्रा उचकटतो. सगळ्यात जास्त ओढ कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ बसते. पत्रा उडतो तेव्हा आधी वळचणीचा कोपरा फडफडतो आणि मग एकेक हुक निघत जातो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

आता जोर किती तो पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. दहा फूट बाय दहा फूट छपरावर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात साधारण ११० किलोची ओढ बसते. ताशी १०० च्या वाऱ्यात तीच ओढ जाते ४४० किलोच्या आसपास. तेवढ्या जागेतल्या लोखंडी पत्र्याचं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या आत. त्यावर दहा विटा ठेवल्या तर आणखी तीसेक किलो. म्हणजे साडेचार क्विंटलच्या ओढीपुढे ऐंशी किलो. विटा पत्रा धरत नाहीत, पत्र्याबरोबर त्या शेजारच्या अंगणात जाऊन पडतात. वादळात डोकी फुटतात ती बऱ्याचदा अशा दगड-विटांनी.

म्हणून पहिलं काम म्हणजे छपरावरचे दगड, विटा, टायर, भंगार खाली उतरवा. दुसरं काम म्हणजे पत्रा वाशाला, वासा आढ्याला आणि मेढीला, मेढ जमिनीला बांधा. साखळी पूर्ण हवी. पत्रा नव्या हुकांनी घट्ट केला आणि वासा मेढीवर नुसता टेकवलेला राहिला तर अख्खं छप्पर एका तुकड्यात उडतं, आणि ते जास्त घातक.

साखळी कशी बांधायची

पत्र्यापासून सुरुवात करू. साध्या खिळ्यावर भरवसा नको. दोन पावसाळ्यांत खिळ्याभोवती गंज धरतो, भोक मोठं होतं आणि पत्रा खिळ्याच्या डोक्यातून निसटतो. ८ मिलिमीटरचा जस्ती हुक घ्या, खाली वाशाला किंवा पाइपला अडकणारा, वर नट आणि रुंद वायसर. त्याखाली डांबरी वायसर घातला की पाणी गळत नाही. भोक पत्र्याच्या लहरीच्या उंच भागावर पाडायचं, खोलगट भागात नाही. वळचणीला, दोन्ही कडांना आणि आढ्याजवळ एक लहर सोडून एक लहर हुक हवा. मधल्या भागात थोडं विरळ चालतं. पैसे कमी असतील तर मधले हुक राहू द्या, पण कडेचे राहू देऊ नका.

सिमेंटच्या पत्र्याबाबत एक सांगणं आहे. त्यावर सरळ पाय ठेवून चढू नका. जुना सिमेंटचा पत्रा न सांगता फुटतो आणि माणूस खाली येतो. आडवी फळी टाकून, दोन वाशांवर वजन येईल असं चढा. खाली शिडी धरायला माणूस ठेवा.

वळचण लांब ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, कुडाची भिंत भिजू नये म्हणून. बरोबरच आहे. पण दीड फुटाच्या पुढे आलेली वळचण वाऱ्याला खालून पकड देते. लांब वळचण हवीच असेल तर तिच्या टोकाला खालून टेकू आणि तार द्या. पडवीचं किंवा ओटीवरचं छप्पर शक्य तर वेगळं बांधा, मुख्य छपराचाच पत्रा पुढे ओढू नका. वादळात पडवी पहिली जाते. ती एकटी गेली तर आतलं घर वाचतं.

वासा आणि मेढ जिथे भेटतात तिथे बहुतेक घरांत एक खिळा किंवा सुंभाचा वेढा असतो. तिथे बांधकामाची जाड तार तीन-चार पदरी करून पीळ द्या, किंवा लोखंडी पट्टी वाशावरून घेऊन दोन्ही बाजूंनी मेढीला बोल्टने कसा. एका घराला अशा दहा-बारा जागा असतात. मिस्त्री लावला तर एका दिवसाचं काम, घरची दोन माणसं बसली तर रविवारचं. नायलॉनची दोरी तात्पुरती ठीक आहे, पण उन्हाने ती दोन वर्षांत कुजते.

मेढीचा पाय दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये तपासा. मातीच्या रेषेला कोयत्याचं टोक खुपसून पाहा. भुसभुशीत लागलं तर वाळवी किंवा कूज आहे. सडलेली मेढ बदलायची नसेल तर शेजारी दुसरी गाडून दोन्ही तारेने एकत्र बांधा. नवी मेढ गाडताना तळाशी आडवा तुकडा ठोका, म्हणजे ती वर उपसली जाणार नाही.

चारी कोपऱ्यांना जमिनीचा ताण देता आला तर फार उत्तम. कोपऱ्यापासून थोडं बाहेर दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल खड्डा घ्या. तळाशी एक लांबट दगड आडवा टाका, त्याला जाड तार गुंडाळा आणि माती-दगड धुमसून भरा. या खड्ड्यातली माती साडेचारशे किलोच्या घरात जाते. तारेचं वरचं टोक छपराच्या वाशाला बांधा. एक कोपरा एवढं वजन धरतो, चार कोपऱ्यांचं तुम्हीच मोजा. तारेला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर अंधारात पोरं अडखळतील.

आरेत घराची दुरुस्ती म्हटली की परवानगीचा विषय निघतो, तो इथे सुटणार नाही. पण आहे त्याच छपराला हुक, तार, पट्टी लावणं म्हणजे नवं घर बांधणं नव्हे. हे काम कागदासाठी अडवून ठेवू नका.

कौलांच्या घराला वेगळी युक्ती लागते. आढ्याची आणि वळचणीची ओळ चुना-सिमेंटमध्ये बसवा किंवा तारेने वाशाला बांधा. जुनं मासेमारीचं जाळं मिळालं तर कौलांवर पसरून दोन्ही बाजूंनी खालच्या वाशाला ताणून बांधा. पावसासाठी ताडपत्री टाकता तिच्यावरही जाळं किंवा आडव्या दोऱ्या घाला, आणि दोऱ्यांची टोकं खाली बांधा.

दार-खिडक्यांबद्दल एक समज पसरलेला आहे की वादळात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की वारा निघून जातो. असं करू नका. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो, ते वर सांगितलंच. सगळी दारं-खिडक्या बंद करा, दाराला आतून आडणा लावा.

झाडं: आरेची सावली आणि आरेची भीती

पत्र्याच्या खालोखाल नुकसान झाडांचं. आरेत गुलमोहर, सोनमोहर, मोठे पर्जन्यवृक्ष, आंबा, ताड, शेवगा सगळं आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. सोनमोहराच्या फांद्या मोडतात. शेवगा तर हाताने मोडतो. याउलट चिंच, वड, आंबा जमिनीत मुळं नीट पसरलेली असतील तर बराच वारा सोसतात.

झाड पडतं ते नुसत्या वाऱ्याने क्वचित. आधी दोन-तीन दिवस पाऊस पडून माती मऊ होते, मग वारा येतो आणि झाड मुळासकट आडवं होतं. मुळं आधीच तोडलेली असतील तर विचारायलाच नको. नळाच्या, केबलच्या, गटाराच्या खोदाईत एका बाजूची मुळं छाटली जातात आणि बुंध्याला गोल सिमेंट घातलं जातं. असं झाड वरून हिरवंगार दिसतं. माझ्या मते अंगणातलं झाड तपासायचं तर वर न बघता आधी खाली बघावं. बुंध्याजवळ माती एका बाजूने उचलली आहे का, भेग पडली आहे का, भूछत्रं उगवली आहेत का, ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का. मागच्या वर्षीपेक्षा झाड जास्त कललेलं वाटतं का, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना बरोबर आठवतं.

वाळलेली फांदी घरावर आली असेल तर पावसाची वाट पाहू नका, पण कोयता घेऊन स्वतःही चढू नका. मुंबईसारख्या शहरी भागात झाडं तोडायला-छाटायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करायचा. आरेची जमीन दुग्धविकास खात्याची, काही भाग राखीव वन. त्यामुळे आरेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयालाही एक प्रत द्या. अर्जासोबत झाडाचा आणि घराचा एकाच चौकटीत येणारा फोटो जोडा आणि पोच घ्या. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जाचा उपयोग होतो. जूनमध्ये रांग लागलेली असते. पाड्याने मिळून एकच अर्ज दिला तर लवकर हलतो, असा अनुभव आहे.

एकाच बाजूची फांदी छाटून झाड लंगडं करू नका, तोल जातो. आणि शेंडा उडवणं तर नकोच. नवे फुटवे दाट येतात, तेच पुढे मोडतात.

अंगण आणि तबेला

वादळाच्या आदल्या दिवशी अंगणात उभे राहा आणि हातात उचलता येईल अशी प्रत्येक वस्तू पाहा. प्लास्टिकच्या खुर्च्या, रिकामे ड्रम, सुटे पत्रे, बांबू, कोंबड्यांचा खुराडा, वाळत घातलेल्या दोऱ्या. जे उचलता येतं ते उडतं. ड्रम पाण्याने भरून ठेवा. उडणार नाहीत आणि वीज गेल्यावर पाणीही मिळेल. सरपणावर ताडपत्री बांधा.

तबेल्याचं छप्पर घरापेक्षा मोठं आणि बाजूंनी उघडं, म्हणून त्याला खालून रेटा जास्त. कडेच्या खांबांच्या सांध्यांना दुहेरी पट्टी हवी. म्हशी साखळीने बांधलेल्या असतात, तिथे सुटती गाठ किंवा एका झटक्यात निघणारी कडी ठेवा. छप्पर कोसळायला लागलं तर वीस जनावरं सोडायला वेळ मिळत नाही. वादळात जनावर झाडाखाली, विजेच्या खांबाला किंवा पडक्या भिंतीजवळ बांधू नका. दोन दिवसांचं वैरण-पेंड कोरड्या, उंच जागी काढून ठेवा. आरेत बिबट्याचा वावर आहे. गोठ्याची बाजू मोडली तर त्या रात्री वासरं, शेळ्या, कोंबड्या घराजवळ घ्या आणि पोरांना एकटं बाहेर पाठवू नका.

तबेल्यात ओली फरशी आणि जुन्या वायरी एकत्र असतात. पावसाआधी मोटारीचं अर्थिंग तपासून घ्या, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवा. घरावरून गेलेली सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर वीज कंपनीला आधी कळवा. पत्र्यात करंट उतरून माणसं गेलेली आहेत. वारा सुरू झाला की मेन स्विच बंद.

इशारा आला की

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी पूर्ण करा, लाल म्हणजे कृती करा. पण उन्हाळ्यातलं वळवाचं वादळ दोन दिवस आधी सांगून येत नाही. त्यासाठी खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा पाहा. मोबाईलवर 'मौसम' आणि विजेसाठी 'दामिनी' ॲप घेऊन ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'उद्या महावादळ' मेसेजांवर वेळ घालवू नका.

मोबाईल, बॅटरी भरून घ्या. आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला, जनावरांच्या विम्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. तुमचं घर कुडाचं असेल किंवा मोठ्या झाडाखाली असेल तर वारा यायच्या आधीच पाड्यातल्या शाळेत, समाजमंदिरात किंवा पक्क्या घरात जा. म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान मुलं पहिली.

वारा सुरू झाल्यावर एक गोष्ट मात्र करू नका. पत्रा फडफडायला लागला की घरातला माणूस धावत जाऊन दोरीला लोंबकळतो किंवा वर चढतो. साडेचार क्विंटलची ओढ हाताने थांबत नाही. पत्रा गेला तर जाऊ द्या. झाडापासून लांबच्या बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली किंवा मजबूत टेबलाखाली बसा. चक्रीवादळात मध्येच वारा एकदम थांबला तर लगेच बाहेर येऊ नका. तो उलट्या दिशेने पुन्हा येऊ शकतो.

नंतर

पडलेल्या तारेला, तिला टेकलेल्या कुंपणाला, तिच्याजवळच्या पाण्याला हात-पाय लावू नका. वाकून दाबली गेलेली फांदी कापताना ती उसळून लागते, म्हणून ती अग्निशमन दलाला किंवा जाणत्यालाच कापू द्या. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२.

आवरायच्या आधी फोटो काढा. घर चारी बाजूंनी, छपराचं भोक, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर कानातल्या बिल्ल्यासह. मग तलाठ्याला कळवून पंचनामा मागा, आरेत तहसील कार्यालयात जावं लागेल. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये, पक्क्याला ६,५०० रुपये, झोपडी नष्ट झाली तर ८,००० रुपये आणि दुभती म्हैस किंवा गाय दगावली तर ३७,५०० रुपये धरले होते. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार कधी जास्त जाहीर करतं. रक्कम थोडी आहे हे खरं, पण १५ टक्क्यांची रेघ महत्त्वाची आहे. पडझड तेवढी झाली होती हे पंचनाम्यात आलं नाही तर चार हजारही मिळत नाहीत. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरचं माणूस हजर हवं, लिहिलेलं वाचून घ्या आणि मगच सही करा. पंचनाम्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

निसर्गनंतर कोकणात पत्रे, कौलं आणि कारागीर यांच्यासाठी लोकांना दिवसेंदिवस थांबावं लागलं. हुक, वायसर, जाड तार आणि एक ताडपत्री एवढं सामान मे महिन्यातच घरात आणून ठेवा.